सूज, सलाईन आणि वजनकाटा : अतिदक्षता विभागातील रुग्णाचे कुपोषण ओळखायचे कसे?

धागाकर्ता : तालुक्याचा_फिजिशियन

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण येथे ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तरच लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आठ खाटांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. पुढे जे सांगणार आहे त्यातील चूक माझी स्वतःची आहे, हे आधीच नमूद करतो.

गेल्या पावसाळ्यात बेचाळीस वर्षांचा एक शेतमजूर दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया घेऊन आमच्याकडे आला. त्याआधी दीड दिवस तो दुसरीकडे दाखल होता आणि रक्तदाब सावरण्यासाठी त्याला तेथे पाच लिटरच्या आसपास सलाईन गेले होते. आल्या आल्या त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले. वजन ४९ किलो भरले. झोपलेल्या माणसाची उंची नीट घेता येत नाही, म्हणून हात आडवा ताणून गळ्याखालच्या खाचेपासून मधले बोट व अनामिका यांच्या बेचक्यापर्यंतचे अंतर मोजले. ते ७८ सेंटिमीटर आले. पुरुषांसाठी या अंतराला १.४० ने गुणून ५७.८ मिळवले की उंचीचा अंदाज येतो (स्त्रियांसाठी हेच आकडे १.३५ आणि ६०.१ असे आहेत), त्यावरून उंची १६७ सेंटिमीटर आणि बीएमआय १७.६ निघाला. कमी आहे खरा, पण आमच्या भागात हा आकडा पाहून कोणी दचकत नाही; मीही दचकलो नाही.

मग रीतीप्रमाणे सुधारित न्यूट्रिक (अतिदक्षता विभागातील रुग्णाची पोषण-जोखीम मोजणारा) गुणांक काढला. वय पन्नासच्या आत असल्यामुळे शून्य, अपाचे (आजाराच्या तीव्रतेचा गुणांक) १८ म्हणून एक, सोफा (अवयव किती निकामी झाले याचा गुणांक) ८ म्हणून एक, जुना आजार ठाऊक नसल्यामुळे शून्य आणि आधी दुसरीकडे एक दिवसाहून अधिक काळ काढल्याबद्दल एक, असे एकूण तीन गुण झाले. पाच किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे जास्त जोखीम, त्यामुळे कागदावर हा माणूस कमी जोखमीचा ठरला. दुसऱ्या दिवशी रक्तदाब स्थिरावताच नाकातील नळीने किलोमागे २५ किलोकॅलरी या हिशेबाने पूर्ण आहार सुरू केला आणि वेळेत आहार सुरू केल्याचे समाधानही मानले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हेंटिलेटरचा आधार थोडा कमी केला तर तो श्वासच ओढू शकेना, आणि मॉनिटरवर हृदयाचे ठोके अधूनमधून चुकू लागले. फॉस्फरसची तपासणी आमच्याकडे होत नाही. नमुना नागपूरला पाठवला होता, त्याचा आकडा १.१ आला. (सर्वसाधारणपणे तो २.५ ते ४.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो.) तेव्हा कुठे मी त्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावर गाठून विचारले. ती म्हणाली, "पंधरा दिवसापासून चहा अन् बिस्किटावरच होते जी. भाकर तर त्याईले पाहवत नव्हती." आम्ही विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

अंगातील पाणी उतरल्यावर सहाव्या दिवशी वजन ४४ किलो भरले, म्हणजे बीएमआय १५.८. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर कर्बोदके मिळाली की इन्सुलिन वाढते आणि फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत शिरून रक्तातून ओसरतात. या रिफीडिंग सिंड्रोमच्या धोक्याचे निकष ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००६ मध्येच दिलेले आहेत आणि बीएमआय १६ च्या खाली असणे हा त्यांतील एक आहे. सलाईनच्या पाण्याने माझ्या रुग्णाला त्या रेषेच्या वर उचलून धरले होते. माणूस वाचला आणि एकोणिसाव्या दिवशी चालत घरी गेला, पण व्हेंटिलेटरवर त्याचे जे जास्तीचे दिवस गेले ते माझ्या खात्यावर आहेत.

माझा प्रश्न असा आहे. मोठ्या शहरातील सोयी नसताना, आलेला गंभीर रुग्ण आधीपासून कुपोषित आहे की नाही हे पहिल्या चोवीस तासांत आपण कशावरून ठरवता? आणि ते ठरवण्याचे काम आपल्याकडे नेमके कोण करते?

आहारवही

मी वर्धा जिल्ह्यातील एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी आहारतज्ज्ञाला बोलावणे येते ते तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, आणि तेही "फीड किती द्यायचे" एवढेच विचारायला. तोवर रुग्णाचा चेहरा, हात आणि पाय सुजलेले असतात.

मी आजही १९८७ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी मांडलेल्या एसजीए पद्धतीवर विसंबते. त्यात प्रयोगशाळेचा एकही आकडा लागत नाही. सहा महिन्यांत आणि विशेषतः शेवटच्या दोन आठवड्यांत वजन किती उतरले, खाणे किती घटले, उलटी, जुलाब किंवा भूक मरणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले का, माणूस कामाला जात होता की खाटेला खिळला होता, हे विचारायचे आणि मग हाताने तपासायचे. कानशिलाजवळ खळगा पडला आहे का, गळ्याचे हाड वर आले आहे का, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवल्यावर त्यांच्यामधला मांसाचा उंचवटा फुगतो की सपाट राहतो, दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरली तर बोटांमध्ये चरबी लागते की नुसती कातडी, हे सर्व पाहून अ (सुपोषित), ब (मध्यम कुपोषित) किंवा क (तीव्र कुपोषित) श्रेणी द्यायची. रुग्ण बेशुद्ध असेल तर बोटे आपणच टेकवून पाहावीत. स्नायू आकसणार नाही, पण खळगा असेल तर तो लपत नाही. सूज सहसा पायांवर, कमरेखाली आणि पाठीकडे आधी साचते, त्यामुळे कानशील आणि गळ्याचे हाड बराच काळ खरे बोलतात.

प्रश्न विचारण्याची भाषा मात्र आपल्याला बदलावी लागते. "वजन कमी झाले का?" असे विचारले तर उत्तर येते, "मोजलंच नाही." त्याऐवजी मी विचारते की पूर्वी एका वेळेला किती भाकरी लागत होत्या आणि मागच्या आठवड्यात किती जात होत्या. दोनाची अर्धी झाली असेल तर आहार चौथ्या हिश्शावर आला, एवढा हिशेब माझ्यासाठी पुरतो. पूर्वेकडच्या, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या नातेवाइकांना भाकरीऐवजी भाताची विचारणा करावी लागते, हे मी स्वतः फजिती करून घेऊन शिकले. पँटला दोरी बांधावी लागत होती का, पट्ट्याला नवे भोक पाडले का, ब्लाउज शिवून आत घेतला का, या प्रश्नांची उत्तरे लोक क्षणात देतात.

भूलतज्ज्ञ_अमरावती

धागाकर्त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर राखून दोन हरकती नोंदवतो.

पहिली हरकत न्यूट्रिकबद्दल. त्या गुणांकाला दोष देणे म्हणजे थर्मामीटरने रक्तदाब दाखवला नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे. २०११ मध्ये हेलँड आणि सहकाऱ्यांनी तो मांडला तो कोण कुपोषित आहे हे ओळखण्यासाठी नव्हे, तर आक्रमकपणे आहार दिल्याचा कोणाला जास्त उपयोग होईल याचा अंदाज बांधण्यासाठी. त्यात वय आहे, आजाराची तीव्रता आहे, जुने आजार आहेत. वजन, बीएमआय किंवा खाल्लेल्या अन्नाबद्दल एक अक्षरही नाही. मूळ गुणांकात इंटरल्यूकिन-६ ची (दाह दाखवणाऱ्या रक्तातील प्रथिनाची) तपासणी होती, ती कोठेच होत नसल्यामुळे सुधारित आवृत्ती आली. शिवाय ज्यांना जोखीम जास्त त्यांना भरपूर दिल्याने फायदा होईल ही जी आशा होती, तिलाही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एफर्ट चाचणीत बळ मिळाले नाही. तेथे किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने दिलेल्यांना १.२ ग्रॅमपर्यंत दिलेल्यांपेक्षा काही लाभ झाला नाही, आणि ज्यांची मूत्रपिंडे दुखावली होती त्यांचे नुकसानच झाल्याचे संकेत मिळाले.

दुसरी हरकत आपल्या ४४ किलोंबद्दल. सहाव्या दिवसाचे वजन म्हणजे आल्या दिवशीचे कोरडे वजन नव्हे. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा सोनोग्राफीने मागोवा घेतला, तेव्हा दहा दिवसांत त्या स्नायूचा छेद १७.७ टक्क्यांनी घटलेला आढळला. आपल्या रुग्णानेही सहा दिवसांत मांस गमावले असणारच. तो ४५ किंवा ४६ किलोंचा असताना आला असेल, तर बीएमआय १६.१ किंवा १६.५ होतो आणि आपली सोळाची रेषा निसटते.

तालुक्याचा_फिजिशियन

दोन्ही हरकती मान्य आहेत, आणि दुसरीमुळे माझे म्हणणे कमकुवत होण्याऐवजी पक्के होते. वजनाच्या आकड्यावरून आपण दोघे डॉक्टर आज, महिन्यांनंतर, एका किलोसाठी वाद घालत आहोत. परंतु नाइसच्या त्याच यादीत दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाणे हाही स्वतंत्र निकष आहे, आणि तो त्याच्या बायकोच्या एका वाक्यात पूर्ण होत होता. त्यासाठी वजनकाटा लागत नव्हता, बाकापर्यंत चालत जावे लागत होते.

न्यूट्रिकबद्दल एवढेच म्हणेन की तो ज्या हेतूने बनला त्या हेतूने तो आपल्याकडे वापरला जात नाही. केसपेपरवर "पोषण जोखीम" असा रकाना छापलेला असतो, त्यात आकडा भरला की काम झाले असे सगळ्यांना वाटते. ज्या लोकसंख्येत अतिदक्षता विभागात येणारा माणूस बहुधा साठीपुढचा आणि मधुमेही असतो, तेथे वय आणि जुने आजार यांना गुण देणे समजते. आमच्याकडे क्षयाने झिजलेला तिशीचा तरुण येतो, विषप्राशन केलेली पंचविशीची बाई येते, सर्पदंश येतो, पावसाळ्याच्या शेवटी स्क्रब टायफस येतो. यांचे वय शून्य गुण मिळवते आणि क्षय हा एकच जुना आजार असल्यामुळे तोही शून्य मिळवतो.

रुग्णाचा_मुलगा_वणी

मी डॉक्टर नाही, परंतु धागा वाचून राहवले नाही. मागच्या वर्षी माझे वडील एका खासगी रुग्णालयात (नाव घेत नाही) अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी आम्हाला सांगण्यात आले की रक्तातील अल्ब्युमिन २.१ आहे, म्हणजे ते फार कुपोषित आहेत आणि अल्ब्युमिनच्या बाटल्या आणाव्या लागतील. आम्ही हजारो रुपये मोजून चार बाटल्या आणल्या. त्यासाठी सोयाबीन अजून शेतात असतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतली. आजाराच्या आधी वडील दोन्ही वेळा पोटभर जेवत होते आणि दाखल होण्याच्या आदल्या दिवशीही कामावर गेले होते. ते कुपोषित कसे झाले, हे मला आजही कळलेले नाही. डॉक्टरसाहेबांनी किंवा कोणी जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

पॅथॉलॉजीचा_कोपरा

दादा, आपल्या वडिलांना मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल बोलणार नाही; काही परिस्थितींत अल्ब्युमिन देण्याला वैद्यकीय कारण असतेही. परंतु "अल्ब्युमिन कमी म्हणजे कुपोषण" या समजाबद्दल नक्कीच लिहितो, कारण हा समज आमच्या प्रयोगशाळेच्या कागदावरूनच पसरतो.

रक्तातील अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य साधारण वीस दिवसांचे आहे. म्हणजे यकृताने आज ते बनवणे पूर्ण थांबवले, तरी पातळी निम्मी व्हायला जवळपास तीन आठवडे लागावेत. मग धडधाकट माणसाचे अल्ब्युमिन तीन दिवसांत साडेतीनवरून २.१ वर येते कसे? ते न जेवल्यामुळे येत नाही. तीव्र जंतुसंसर्गात केशवाहिन्या गळू लागतात आणि अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमध्ये पाझरते, त्याच वेळी यकृत आपले काम बदलून सीआरपीसारखी दाहाची प्रथिने बनवू लागते, आणि त्यात पाच लिटर सलाईन गेल्यामुळे उरलेले रक्त पातळ होते. तिन्ही गोष्टी आजाराच्या आहेत, आहाराच्या नाहीत. याउलट नुसत्या उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या, पण संसर्ग नसलेल्या माणसाचे अल्ब्युमिन बराच काळ जवळजवळ सामान्य राहू शकते. प्रीअल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य दोन-तीन दिवसांचे असल्यामुळे ते तरी खरे सांगेल अशी एके काळी आशा होती, पण तेही संसर्गात तसेच कोसळते. अमेरिकेच्या अ‍ॅस्पेन या पोषणविषयक संस्थेने २०२० मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की या दोन्ही तपासण्या कुपोषणाचे माप म्हणून वापरू नयेत. अल्ब्युमिन कमी असणे ही आजार गंभीर असल्याची खूण आहे. तेवढा अर्थ तिला जरूर आहे.

राहिला बाटलीचा हिशेब. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटर बाटलीत वीस ग्रॅम अल्ब्युमिन असते. एवढी प्रथिने तीन अंड्यांत मिळतात.

रुग्णाचा_मुलगा_वणी

आभारी आहे. वडील बरे आहेत. तीन अंड्यांचे वाक्य मी त्यांना सांगितले नाही.

रात्रपाळीची_सिस्टर

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सर, "कोण करते" याचे उत्तर आमच्याकडे तरी असे आहे की जे काही होते ते पहिल्या तासात आम्हीच करतो, कारण कपडे बदलताना आणि अंग पुसताना माणूस पूर्ण दिसतो तो आम्हालाच. बरगड्या आणि खांद्याची पाती आम्हाला दिसतात, परंतु ते लिहायला नर्सिंगच्या कागदावर रकाना नाही.

वजनाची गोष्ट सांगते. वजन करणारी खाट आमच्याकडे नाही. पूर्वी अंदाजाने "५० किलो" असे लिहिले जायचे. एकदा मी मागचे कागद चाळले तेव्हा सलग नऊ रुग्ण पन्नास किलोंचे निघाले. त्यानंतर धान्याच्या दुकानात असतो तसा मोठा प्लॅटफॉर्म काटा आणवला. अपघात विभागातून येतानाच स्ट्रेचरसकट त्यावर चढवायचे आणि रिकाम्या स्ट्रेचरचे वजन वजा करायचे, एवढीच युक्ती आहे. स्ट्रेचरचे वजन रंगाने त्याच्याच दांड्यावर लिहून ठेवले आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर काढायला विसरले की माणूस अचानक गुटगुटीत होतो, तेवढे सांभाळावे लागते.

दंडाचा घेर घेणे त्याहून सोपे आहे. खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध पेनने खूण करायची आणि त्या खुणेवर टेप गुंडाळायचा, आवळायचा नाही. खूण पुसू द्यायची नाही, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर त्याच जागी मोजते. ब्रिटनच्या मस्ट या कुपोषण हेरण्याच्या पद्धतीप्रमाणे घेर २३.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर बीएमआय बहुधा २० च्या खाली असतो. पहिल्या दिवशी, सूज दंडापर्यंत चढण्याआधी घेतला तरच या आकड्याला अर्थ आहे, आणि ज्या हाताला सलाईनची सुई बाहेर गेल्यामुळे सूज आहे तो हात सोडून द्यावा.

मेळघाटातला_कार्यकर्ता

दंडाच्या घेराचा उल्लेख आला म्हणून लिहितो. धारणी-चिखलदऱ्याकडे तो टेप सर्वांच्या ओळखीचा आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की ते मूल तीव्र कुपोषित, हे अंगणवाडी ताईला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. परंतु त्याच मुलाचा बाप अतिदक्षता विभागात पोहोचतो तेव्हा त्याच्या दंडाला कोणी टेप लावत नाही. कुपोषण म्हटले की आपल्याला मूलच दिसते.

आहारवही ताईंना एक शंका विचारावीशी वाटते. एसजीएचा पहिला प्रश्न वजन उतरले का, हा आहे. आमच्याकडचा माणूस जन्मापासूनच अर्धपोटी वाढलेला असतो. त्याचे वजन विसाव्या वर्षी बेचाळीस होते आणि चाळिसाव्या वर्षीही बेचाळीसच आहे. नातेवाईक म्हणतात, "तो पहिल्यापासूनच बारीक आहे." त्याचे काही उतरलेच नाही, तर तो या पद्धतीने सुपोषित ठरणार काय? पूर्व विदर्भातील सिकलसेलच्या रुग्णांबाबतही हेच होत असावे. ते लहानपणापासून किडकिडीत असतात, आणि त्यांच्या शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही जास्त असतो.

आहारवही

शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. होय, नुसत्या इतिहासावर गेले तर असा माणूस निसटू शकतो. हाताच्या तपासणीत तो सापडायला हवा, पण ती करणाऱ्याची नजर आपल्याच भागात तयार झालेली असते आणि सपाट कानशिले पाहण्याची तिला सवय झालेली असते. मला स्वतःला ब देताना "एवढे तर सगळ्यांचेच असते" असे वाटून गेले आहे, हे कबूल करते.

येथे २०१९ मध्ये जाहीर झालेले ग्लिम निकष उपयोगी पडतात, कारण त्यांत वजन उतरणे हा तीनपैकी केवळ एक शारीरिक निकष आहे. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटणे, बीएमआय कमी असणे किंवा स्नायू कमी असणे, यांपैकी एक आणि त्यासोबत आहार घटणे किंवा आजाराचा दाह असणे, यांपैकी एक, अशी जोडी जुळली की कुपोषण म्हणायचे. आशियाई लोकांसाठी बीएमआयची रेषा सत्तर वर्षांखाली १८.५ आणि त्यापुढे २० अशी धरलेली आहे. अतिदक्षता विभागात दाहाचा निकष जवळजवळ प्रत्येक जण पूर्ण करतो, म्हणून सगळा भार शारीरिक निकषावर येतो. आपला "पहिल्यापासून बारीक" माणूस येथे बीएमआयवर पकडला जातो, अर्थात वजन सिस्टरांच्या धान्यकाट्यावर आणि पाणी चढण्याआधी झाले असेल तरच.

तरीही दोन प्रकारच्या बारीक माणसांत मी फरक करते. ज्याचे वजन वर्षानुवर्षे स्थिर आहे आणि जो परवापर्यंत जेवत होता, त्याचा साठा कमी असला तरी रिफीडिंगचा धोका तुलनेने कमी असतो. जो दोन आठवडे चहावर होता, त्याच्याबाबत मात्र पहिला घास जपून द्यावा लागतो.

भूलतज्ज्ञ_अमरावती

या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. मूल्यमापन कशासाठी करायचे, हे त्यातून स्पष्ट होते. युरोपच्या एस्पेन संस्थेने २०१९ मध्ये म्हटले आहे की अतिदक्षता विभागात ४८ तासांहून अधिक राहणारा प्रत्येक रुग्ण जोखमीतच समजावा. एनआरएस-२००२ ही पोषण-जोखमीची चाळणी वापरली तरी अपाचे दहाच्या वर गेले की आजाराच्या तीव्रतेचेच तीन गुण मिळतात आणि तीन गुणांना तर जोखीम सुरू होते. म्हणजे आपला प्रत्येक रुग्ण उत्तीर्ण. ज्या चाळणीतून काहीच खाली पडत नाही ती चाळणी काय कामाची? आहार सर्वांनाच सुरू करायचा आहे. खरा निर्णय एवढाच असतो की कोणाला सावकाश सुरू करायचा आणि कोणाला आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचे.

आणि येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण नळीतल्या आहाराला घाबरतो आणि डीएनएसची (पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, घातलेल्या सलाईनची) बाटली निर्धास्त लावतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी असतात. नाइसच्या सल्ल्याप्रमाणे जास्त धोक्याच्या रुग्णाला किलोमागे फार तर १० किलोकॅलरींनी सुरुवात करायची. ४४ किलोंच्या माणसाला ते ४४० होतात. त्याला दिवसात तीन लिटर डीएनएस गेले तर ५१० किलोकॅलरी झाल्या, त्याही निव्वळ साखरेच्या आणि बहुधा थायमिनशिवाय. "सलाईनने ताकद येते" असे गावाकडे म्हणतात. तीन लिटरमध्ये ज्वारीच्या चार-पाच भाकरींएवढीही ताकद नसते, पण चहाबिस्किटांवर पंधरा दिवस काढलेल्या शरीराचे फॉस्फरस ओढून घ्यायला तेवढी पुरते.

तालुक्याचा_फिजिशियन

हे वाचून मी त्या रुग्णाचे आधीच्या रुग्णालयातील कागद पुन्हा काढले. पाचांपैकी दोन लिटर डीएनएस होते. म्हणजे मी आहार सुरू करण्याआधीच त्याचे रिफीडिंग सुरू झालेले असू शकते, आणि माझी पंचवीस किलोकॅलरी त्यावर चढली. याने माझी चूक पुसली जात नाही, पण ती कोठून सुरू झाली ते नीट कळते.

सोनोग्राफीबद्दल एका सदस्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारले आहे. आमच्याकडे मशीन आहे आणि मांडीचा स्नायू मी मोजून पाहिला आहे. परंतु प्रोब किंचित जोरात दाबला की जाडी बदलते, आणि सुजलेल्या मांडीत तर सकाळचे व संध्याकाळचे माप जुळत नाही. त्याच रुग्णात, त्याच हाताने, आठवडाभर मागोवा घ्यायला ती बरी. पहिल्या दिवशी कुपोषण ठरवायला मी ती वापरणार नाही. मुठीची ताकद मोजण्याचे यंत्र चांगले आहे, पण मूठ आवळायला रुग्ण जागा लागतो.

आता आमच्याकडे असे ठरले आहे की दाखल करतानाच्या कागदावर न्यूट्रिकच्या वरच्या बाजूला एक ओळ येईल : शेवटचे पोटभर जेवण कोणत्या दिवशी झाले आणि हे कोणी सांगितले. तारीख सांगता आली नाही तर बाजाराचा वार, सण किंवा पेरणी, जे आठवेल ते लिहायचे. ही ओळ भरल्याशिवाय डेक्स्ट्रोज आणि आहार यांची ऑर्डर लिहायची नाही. अर्थात रक्तातील साखर खालावलेली असेल तर साखर लगेच द्यायचीच, फक्त थायमिन तिच्यासोबत. ज्याचे उत्तर पाच दिवसांच्या पलीकडे जाईल त्याला थायमिन आधी आणि आहार सावकाश, फॉस्फरस व पोटॅशियम रोज. पाच दिवसांची रेषा नाइसच्या यादीत एकटी पुरेशी नाही, तिच्या जोडीला आणखी एक निकष लागतो. पण आमच्या भागात कमी बीएमआय किंवा दारू यांपैकी काहीतरी जोडीला असतेच, असे धरून आम्ही ती घेतली आहे. यावर कोणाची हरकत असल्यास जरूर सांगावी.

भूलतज्ज्ञ_अमरावती

हरकत नाही, पण सावकाश म्हणजे कायमचे सावकाश असे होऊ देऊ नका. फॉस्फरस टिकून असेल तर चार ते सात दिवसांत पूर्ण आहारावर पोहोचायचे आहे. आमच्याकडे एक रुग्ण नवव्या दिवशीही पाचशे किलोकॅलरींवरच आढळला, कारण वाढवण्याची ऑर्डर कोणी लिहिलीच नव्हती.

रात्रपाळीची_सिस्टर

सर, आपली ओळ मी परवाच वहीत उतरवून घेतली होती. काल रात्री एक बाई आल्या, वय पस्तिशीचे, ताप आणि धाप. सोबत सासू होत्या. शेवटचे जेवण कधी झाले ते त्यांना सांगता येईना, "खात होती थोडं थोडं," एवढेच म्हणत होत्या. ऑक्सिमीटर लावण्यासाठी मी हात वर उचलला तर हिरव्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरल्या. मी सासूबाईंना विचारले की या कधी भरल्या. त्या म्हणाल्या, "दिवाळीले. तवा साबण लावूनबी चढत नव्हत्या माय, कासारीन वैतागली होती."

दंडाचा घेर १९.५ भरला, स्ट्रेचर वजा जाता वजन ३६ किलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दाखवून डीएनएस बदलून घेतले, थायमिन पहिले गेले आणि आहार सकाळी थोडाच सुरू केला आहे. फॉस्फरसचा नमुना सहाच्या एसटीने चंद्रपूरला गेला आहे. उत्तर दुपारपर्यंत येईल, तेव्हा येथे कळवते.